टाचणीबाईंनी सोडलेली कुत्री

टाचणीबाईंनी नवऱ्याच्या नव्या घरावर कुत्री घातली, ही बातमी आधी कुजबुजीत आली. चहाच्या टपरीवर एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं आणि तिसरा "काय, काय?" करत बाकावरून सरकत आला, अशी. तेव्हा कुत्री वीसेक होती. दुपारपर्यंत ती चाळीस झाली, आणि संध्याकाळी केस कापायच्या दुकानात पोचली तेव्हा शंभराच्या खाली कुणी ऐकून घ्यायलाच तयार नव्हतं.

"मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला म्हणे," न्हावी कात्री हवेत धरून म्हणाला. "पँट फाटली. मागून."

ही फाटकी पँट प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आजवर सापडलेला नाही. पाहिलेल्या माणसाला भेटलेले मात्र पुष्कळ आहेत.

बायकांना तर ही गोष्ट फारच गोड लागली. हात लावला नाही, शब्द बोलली नाही, रडली नाही, आणि बरोबर दारात नेऊन घातली! पुरुष हसले खरे, पण त्या आठवड्यात बरेचजण घरी वेळेवर गेले.

आता टाचणीबाई कोण, ते सांगायला हवं. शहराच्या कडेला, कचऱ्याच्या गाड्या धुतात त्या आवाराच्या मागे, कुत्र्यांचा दवाखाना आहे. पत्र्याच्या छपराखाली पिंजऱ्यांच्या दोन रांगा, फिनेलचा वास, आणि एकाने सुरुवात केली की सगळ्यांनी साथ द्यायची असा अखंड गोंगाट. इथे भटकी कुत्री पकडून आणतात, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करतात, खूण म्हणून कानाचं टोक कापतात, जखम भरेपर्यंत ठेवतात आणि मग जिथून उचललं तिथेच नेऊन सोडतात. हा शेवटचा नियम सगळ्यात कडक. परक्या गल्लीत सोडलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री जगू देत नाहीत. नाहीतर ते आपली गल्ली शोधत धावत सुटतं आणि कुठल्यातरी चाकाखाली जातं.

म्हणून कुत्रं जाळीत आलं की व्हॅनवाला पहिल्यांदा फोनवर त्या जागेचे आकडे घेतो. एक अक्षांश, एक रेखांश, दशांशचिन्हाच्या मागे मालगाडीच्या डब्यांसारखे लांबच लांब. ते आकडे, गळ्यातल्या बिल्ल्याचा नंबर, रंग, नर की मादी, असं सगळं एका शीटमध्ये भरलं जातं. ती शीट टाचणीबाईंकडे येते. टाचणीबाई तिची नकाशाची फाइल करतात. फाइल व्हॅनवाल्याच्या फोनवर गेली की नकाशावर टाचण्या उमटतात, आणि एकेका टाचणीशी एकेक कुत्रं उतरतं. त्यावरून टाचणीबाई. खरं नाव हजेरीपत्रकात आहे; तिथून ते बाहेर पडल्याचं कुणाला आठवत नाही.

पूर्वी त्या एकेक टाचणी हाताने लावायच्या. आकडे वाचायचे, नकाशात टाकायचे, टाचणीला नाव द्यायचं, पुढची ओळ. मग नवरा सोडून गेला. नवरा सोडून गेल्यावर बाईने काय काय करावं याबद्दल लोकांच्या ठाम कल्पना असतात. टाचणीबाईंनी स्क्रिप्ट लिहिली.

तो गेला तेव्हा घरात भांडण नव्हतं की आरडाओरडा नव्हता. कपडे आधीच हळूहळू कमी झाले होते, हे कपाटाला माहीत होतं, टाचणीबाईंना नव्हतं. शेवटचे इस्त्रीचे तेवढे हातावर घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुझं काही चुकलेलं नाही."

"बरं," टाचणीबाई म्हणाल्या. "चार्जर राहिलाय."

तो चार्जर घ्यायला परत आत आला. त्याला हे जरा कमी वाटलं असावं, कारण जिन्यात तो दोनदा थांबल्याचं खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पाहिलं. या बाई जिन्याच्या बाबतीत कधी चुकत नाहीत.

त्यानंतर टाचणीबाईंचं काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात, तेव्हा गाल जसा होतो तसं झालं. गाल आपलाच असतो, जागेवर असतो, चावला तरी कळत नाही. त्या वेळेवर उठायच्या, दोन खोल्या झाडायच्या, डबा भरायच्या आणि बसने दवाखान्यात जायच्या. कपाटाचा रिकामा झालेला अर्धा भाग तसाच रिकामा राहिला आणि त्यांचे कपडे उरलेल्या अर्ध्यात दाटीवाटीने. पुढे वकिलाकडून घटस्फोटाचे कागद आले. त्यावर वकिलाचा पत्ता होता. वकिलाने जिथे खुणा केल्या होत्या तिथे टाचणीबाईंनी सह्या केल्या आणि पाकीट बंद करायला डिंक नव्हता म्हणून भाताची शितं लावली.

नणंदेचं मात्र रक्त उकळत होतं. ही नणंद नवऱ्याची सख्खी धाकटी बहीण. दोन रस्ते पलीकडे शिवणकामाचं दुकान चालवते आणि भावाशी तिने तेव्हापासून बोलणं टाकलेलं आहे. दर दोन दिवसांनी ती वर येऊन बसायची.

"वहिनी, अगं एकदा रडून तरी घे."

"रडेन की. रविवारी वेळ आहे."

"थट्टा करतेस?"

टाचणीबाई थट्टा करत नव्हत्या. रविवारी त्यांनी खरंच वाट पाहिली. मग चादरी भिजवल्या होत्या त्या पिळून टाकल्या.

तर स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने काम आपोआप करावं म्हणून त्याला लिहून दिलेल्या सूचना. ती त्या जेवणाच्या सुट्टीत फोनवरचे व्हिडिओ बघून शिकल्या. पहिल्यांदा चालवली तेव्हा शहरातली सगळी कुत्री समुद्रात पडली, कारण शीटमध्ये अक्षांश आधी येतो आणि नकाशाच्या फाइलीला रेखांश आधी लागतो. त्यांनी दोघांची अदलाबदल केली, कुत्री पोहत परत आली. नर लाल, मादी निळी, असं केलं. शीट साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवायची, ती स्क्रिप्टला द्यायची, बटण दाबायचं. ओळीमागून ओळ वाचून स्क्रिप्ट फाइल तयार करायची आणि शेवटी पडद्यावर एक शब्द यायचा: "झालं." हा शब्द टाचणीबाईंनीच त्यात घातला होता. सकाळभराचं काम घोटभर चहात व्हायला लागलं. उरलेला वेळ त्या खिडकीतून पिंजऱ्यांकडे बघत बसायच्या, आणि लोकांना वाटायचं, बाई काहीतरी शिजवतायत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरच्या साहेबांची भेट ठरली. मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, कागदाला घाबरणारे नाहीत, पण वाकड्यातिकड्या कागदाला फार घाबरतात. शीट छापून भिंतीवर लावायची होती आणि आकडे पानाबाहेर सांडत होते.

"हे काय हो, बाई? हे आकडे आहेत की मुंग्यांची रांग?"

"जागा आहेत, सर."

"असू द्यात. दशांशाच्या पुढे एकच ठेवा. सुटसुटीत दिसलं पाहिजे. साहेबांना काय कुत्री सोडायला जायचंय?"

शीटमध्ये आकडे आखूड दिसायला लावणारं एक बटण असतं. टाचणीबाईंनी ते पुन्हा पुन्हा दाबलं, मालगाडीचा एकेक डबा सुटत गेला आणि शेवटी एकेकच राहिला. शहर काही फार मोठं नाही. एवढं कातरल्यावर सगळ्या ओळींत तेच दोन आकडे आले. वरपासून खालपर्यंत, एकाखाली एक, एकसारखे. साहेबांनी तो कागद पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "वा! किती नीटनेटकं."

साहेब गेले. टाचणीबाईंनी तीच शीट नेहमीसारखी साध्या फाइलीत उतरवली. आता मूळ शीटमध्ये आकडे पूर्ण असतात, नुसते झाकलेले असतात. पण साधी फाइल जेवढं डोळ्यांना दिसतं तेवढंच उचलते. झाकलेलं तिला कळत नाही. स्क्रिप्टने समोर आलं ते वाचलं. "झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनवाल्याचा फोन आला. मागे कुत्र्यांचा कालवा.

"मॅडम, आज एकच टाचणी दिसतेय."

"हं."

"तळ्याच्या पलीकडे, नव्या वसाहतीत. सगळी एकाच जागी सोडायची?"

टाचणीबाई तेव्हा टेबलावर ओल्या फडक्याने चहाचा डाग पुसत होत्या. एरवी त्यांनी उठून नकाशा पाहिला असता. त्या दिवशीही पाहायला हवा होता. त्या म्हणाल्या, "नकाशात असेल तसं करा, भाऊ."

व्हॅनवाल्याने पुढे हे वाक्य जिथे जिथे सांगितलं तिथे तिथे चहा फुकट मिळाला. "आवाज असा, बर्फासारखा," तो म्हणायचा. "नकाशात. असेल. तसं. करा. माझ्या अंगावर काटा आला." मग कपातला घोट घेऊन, "पण हुकूम म्हणजे हुकूम."

त्याने टाचणीपाशी व्हॅन उभी केली. समोर नव्या रंगाचं फाटक होतं. दारं उघडली आणि शहराच्या सगळ्या कोपऱ्यांतली कुत्री, एकमेकांना न ओळखणारी, कापलेल्या कानांची, एकाच रस्त्यावर उतरली. आजूबाजूला बांधकामाची खडी आणि रिकामे प्लॉट. त्यांना काही सुचेना. एक फाटकासमोर बसलं, म्हणून दुसरं बसलं, मग सगळीच बसली. अधूनमधून भांडायची आणि परत बसायची.

फाटकाच्या आत टाचणीबाईंचा नवरा राहत होता.

आणि हा नवरा कुत्र्यांना लहानपणापासून घाबरतो, हे त्याच्या शाळेपासून ऑफिसपर्यंत जगजाहीर. पिल्लू दिसलं तरी रस्ता ओलांडणारा गडी. तो खिडकीत आला आणि खिडकीतच राहिला. ऑफिसला फोन गेला की बरं नाही. मग व्हॅनवर दवाखान्याचं नाव कुणीतरी वाचलं होतं ते आठवलं, दवाखान्यात कोण काम करतं ते तर आठवायचं कारणच नव्हतं, आणि संध्याकाळच्या आत लेखी तक्रार: माझ्या पहिल्या बायकोने सूडबुद्धीने माझ्यावर कुत्री सोडली.

कुत्री परत न्यायला त्रास पडला नाही. टाचणीबाईंनी झाकलेले आकडे उघडले, फाइल पुन्हा केली, आणि व्हॅनवाल्याने जाळी फिरवत एकेकाला आपापल्या गल्लीत पोचवलं. एक तपकिरी मादी तेवढी हाती लागली नाही. ती फाटकाखालच्या सावलीत शिरायची आणि व्हॅन गेली की बाहेर यायची.

तक्रार मात्र परत नेता येण्यासारखी नव्हती. चौकशी लागली. टाचणीबाईंची नोकरी कराराची, दर वर्षी पुढे ढकलायची, आणि करार संपतच आला होता. मुद्दाम केलं असं ठरलं तर तो तिथेच थांबणार. मग या दोन खोल्या सोडायच्या आणि भावाच्या घरी हॉलमधल्या सोफ्यावर, सगळ्यांचा टीव्ही बंद झाला की झोपायचं. भाऊ चांगला आहे. भावजयही चांगली आहे. सोफा आखूड आहे.

हे सगळ्यांना कळत होतं. तरीसुद्धा गंमत बघा. ज्या बायका टाचणीबाई दिसल्या की आवाज खाली करून "बिचारी" म्हणायच्या, त्या आता बसमध्ये सरकून जागा द्यायला लागल्या. भाजीवालीने मुठीने कोथिंबीर जास्त घातली आणि डोळा मारला. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात चक्क उभ्या राहिल्या, जशी काही पाहुणीच येतेय. आणि नणंद तर हवेत होती.

"वहिनी, काय केलंस गं तू! मला आधी सांगितलं असतंस तर मी फोटो काढायला गेले असते."

"चूक झाली ती."

"हो हो, चूक!" नणंदेने टाळी दिली. "माझ्याशी सुद्धा तसंच म्हण. पण त्या चौकशीत खबरदार चूक झाली म्हणालीस तर. वर्षभर लोक तुझी कीव करत होते. मला घास गिळवत नव्हता. आता बघ कसे बघतात."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. माझ्या दुकानात ये. काजं-बटणं कर."

व्हॅनवाल्याने उलटा सल्ला दिला. "मॅडम, सरळ चूक म्हणून मोकळ्या व्हा. आम्हाला माहितीये ना खरं काय ते. तेवढं बास."

टाचणीबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. लोक कसे बघतात ते त्यांना दिसत होतं. बसमधली जागा त्या घेत होत्या, कोथिंबीर निवडत होत्या. आत कुठे काही हलतंय का, म्हणून त्यांनी एकदा आरशासमोर उभं राहून "मी सोडली" असं म्हणूनही पाहिलं. आवाज बरा वाटला. पण तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. मग त्यांनी गॅस बंद आहे का ते पाहिलं.

चौकशी म्हणजे मोठ्या डॉक्टरांची खोली, दार बंद, आणि आत तिघं: डॉक्टर, टाचणीबाई आणि नवरा. नवऱ्याने नवा शर्ट घातला होता. बाहेर दाराला कान लावायला व्हॅनवाला होता, पण पिंजऱ्यांचा गोंगाट एवढा की त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याने नंतर सांगितलेली सगळी अक्षरं त्याची स्वतःची.

"बाई, सरळ विचारतो. मुद्दाम केलंत?"

"नाही, सर. आकडे कमी पडले."

"म्हणजे?"

टाचणीबाईंनी डॉक्टरांच्या डोक्यामागे बोट केलं. तो नीटनेटका कागद अजून तिथेच लावलेला होता. डॉक्टर वळले. वरच्या ओळीवरून खालच्या ओळीपर्यंत त्यांनी तो पहिल्यांदाच वाचला.

"सगळ्या ओळी सारख्या आहेत."

"हो, सर."

"हे एकच ठेवा असं कोण म्हणालं होतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. ते असो."

"आकडेबिकडे ठेवा बाजूला, साहेब," नवरा म्हणाला. "एवढी पृथ्वी पडलीये, आणि नेमकं माझंच फाटक? ही अजून माझ्या मागावर आहे. हिला ते सहनच झालं नाही." हे बोलताना त्याने कॉलर सारखी केली. गाऱ्हाण्याचा सूर होता, पण त्या सुराला कुठेतरी इस्त्रीही होती.

"त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "हे मला कागदावर घ्यावं लागणार. यांचं घर कुठे आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?"

यावर टाचणीबाईंनी काय उत्तर दिलं, ते शेवटी सांगतो. आधी पुढचं ऐका.

डॉक्टरांनी "तांत्रिक चूक" असा शेरा मारला आणि भिंतीवरचा कागद स्वतःच्या हाताने काढून खणात ठेवला. करार पुढे चालू राहिला. टाचणीबाईंनी स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या. दशांशापुढे आकडे कमी असले तर ती आता थांबते आणि "झालं" म्हणत नाही. सोफ्यावर जावं लागलं नाही.

गप्पांना मात्र काही झालं नाही. नवरा खोलीतून बाहेर पडला तो थेट व्हॅनवाल्यालाच म्हणाला, "अजून वेडी आहे हो ती माझ्यापायी." ऑफिसातही त्याने तेच सांगितलं, आणि तिथे त्याचा भाव थोडा वधारला असं म्हणतात. ज्याच्यासाठी कुत्री सोडली जातात असा माणूस त्या मजल्यावर दुसरा नव्हता. नणंदेने वेगळंच चालवलं: वहिनीने डॉक्टरांना सुद्धा गुंडाळलं! भाऊ कुठे राहतो ते तिला स्वतःला पहिल्यापासून ठाऊक होतं. वहिनीला कशाला दुखवा म्हणून ती कधी बोलली नाही, आणि वहिनीला कुणीतरी सांगितलंच असेल हे धरून चालली. खालच्या बाईंनीही तेच धरलं होतं, आणि भावजयीनेही. न्हावी पँट फाडतच राहिला. त्या तपकिरी मादीला नवऱ्याची नवी बायको रोज फाटकाबाहेर दूधभाकरी घालते, आणि नवरा मागच्या दाराने जा-ये करतो.

टाचणीबाईंना आजही बसमध्ये जागा मिळते. त्या बसतात.

आता त्या बंद खोलीतलं. डॉक्टरांनी विचारलं, "यांचं घर कुठे आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही," टाचणीबाई म्हणाल्या.

"असं कसं?" नवरा म्हणाला. "सगळ्यांना माहितीये."

"मला कुणी सांगितलं नाही."

"पण तू कुणाला विचारलंही नाहीस? एवढ्या दिवसांत?"

टाचणीबाईंनी आठवून पाहिलं. "नाही."

नवऱ्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर लिहीत होते.

नवरा कुठे राहतो हे टाचणीबाईंना माहीत नव्हतं. दशांशापुढचे आकडे गेले होते, म्हणून कुत्री तिथे सुटली.